आई गेली, माळ्यावर भाताचा एक मुडा राहिलाय

खाजण

नमस्कार मंडळी. मला माळ्यावरच्या मुड्याबद्दल, म्हणजे पेंढ्यात बांधून ठेवलेल्या भाताच्या बियाण्याबद्दल, तीन प्रश्न विचारायचे आहेत, पण ते आईबद्दल सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाहीत. म्हणून लांबलचक लिहितोय. वाचा, आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी उत्तर द्या.

आई माघात गेली. वय ९१. हे वयही आम्ही हिशोबाने काढलेलं. आधार कार्डावर १ जून ही तारीख आहे, ती कुणीतरी लिहून टाकलेली. आई स्वतः सांगायची, "रामदास बोट बुडाली त्या गटारीला मी तेराची होते." म्हणजे १९४७ ला तेरा. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, आणि पुढची शहात्तर वर्षं तिने याच घरातून काढली.

गाव दाभोळच्या खाडीवर, दापोली तालुक्यात. घरामागून उतरलं की पोफळी, त्याखाली गोड्या पाण्याचा मळा, आणि अगदी शेवटी खार. ज्यांनी खार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: भरतीचं पाणी अडवायला बांध घालून खाडीकडून मिळवलेली ही जमीन. बांधाला एक उघाडी असते. भरती आली की तिचं दार पाण्याच्या दाबाने मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आत साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. बांध धड असेल तर भात होतं. बांध फुटला की पुढची दोन-तीन वर्षं मातीत मीठ.

जमीन खोताची होती. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा 'कसेल त्याची जमीन' असा दिवस ठरला आणि ती आजोबांच्या नावावर झाली. पण तेव्हा ती कसत कोण होतं? आजोबा दम्याने पडवीत बसलेले, बाबा मुंबईला गिरणीत. बाबा गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. नांगराला गडी मिळायचा, बाकी सगळं आई.

पहिला पाऊस पडला की सगळे मळ्यात तरव्याच्या, म्हणजे लावणीसाठी भाताची रोपं तयार करायच्या मागे लागत. आई मात्र खारात उतरायची. मे महिनाभर उन्हाने मीठ वर आलेलं असतं, जमिनीवर पांढरी साय धरल्यासारखं दिसतं. ते पावसाच्या पाण्याने धुऊन उघाडीवाटे बाहेर गेल्याशिवाय पेरायचं नाही. किती पाऊस पुरे हे ठरवायला आईकडे एकच साधन होतं. चिमूटभर चिखल घ्यायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची आणि म्हणायची, "अजून नाही." बांधाजवळचा चिखल वेगळा, मधला वेगळा, मळ्याला लागून असलेला वेगळा. तीन ठिकाणी चाखायची. मी लहान असताना किळस येऊन तोंड फिरवायचो. आज वाटतं, तेव्हा मीही एकदा जीभ लावून पाहायला हवी होती.

बियाणं निवडायचीही तिची रीत होती. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी हंड्यात भरून आणायची, त्यात बी ओतायची, वर तरंगेल ते काढून कोंबड्यांना. तळाशी बसलेलं विहिरीच्या पाण्याने तीनदा धुवायची. मग गोणपाटात बांधून, वर दगड ठेवून मोड आणायची आणि चिखलात फेकायची. रहू म्हणतात त्याला.

बांधाची राखण हे तिचं वर्षभराचं काम. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधात बिळं करतात. बीळ मोठं झालं की भरतीचं पाणी झिरपतं, आणि एका अमावास्येला तिथूनच बांध जातो. संध्याकाळी ओहोटी बघून आई बांधावरून फिरायची, बिळात हात घालून चिंबोरी काढायची आणि त्याच बिळात मातीचं ढेकूळ टाचेने ठोकून बसवायची. रात्री कालवण. आम्हा पाच भावंडांना वाटायचं आई चिंबोऱ्यांना जाते. ती बांध बुजवायला जात होती, हे मला चाळिशीत कळलं.

कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला. घरातली बाकी मोठी माणसं झोपेतून उठून अंगणात धावली. आई उठलेलीच होती, जात्यावर. तिने हातातलं दळण सुपात भरून मग आम्हाला बाहेर काढलं असं आजी सांगायची. आईला विचारलं की ती म्हणायची, "आधी पोरं काढली." काही म्हणा, त्या वेळी ती जागी होती हे दोघींनाही मान्य होतं.

१९८२ चा संप. जानेवारीत गिरण्या बंद पडल्या आणि मे महिन्यात आलेले बाबा परत गेलेच नाहीत. इतकी वर्षं गिरणीत काढलेला माणूस पावसाळाभर घरात. सुरुवातीला ते दिवसभर ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचे. त्या वर्षी आईने त्यांना रहू फेकायला शिकवलं. मूठ किती भरायची, मनगट कधी सोडायचं. मी बांधावर उभा राहून पाहिलंय. बाबांनी फेकलेलं एका जागी दाट पडलं, एका जागी विरळ. आई काही बोलली नाही. महिन्याने दाट जागची रोपं उपटून तिने विरळ जागी लावली. पुढची चौदा वर्षं बाबांनी शेती केली, ती तिच्याकडून शिकून.

आता मुड्याचं. खारातल्या भाताचं बियाणं आई कधीच डब्यात किंवा पोत्यात ठेवायची नाही. पेंढ्याच्या आवरणात भात भरून, वरून पेंढ्याच्याच दोरीने गच्च आवळत गोल बांधायची आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची, धूर लागेल असा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची. कौलं उडायला लागल्यावर तिने भावाला पहिलं वाक्य ऐकवलं ते, "मुडा खाली काढ." देव नंतर काढले.

शेवटची काही वर्षं खार बहुतेक पडीक होता. तरी दर पावसात दोन गुंठे तरी पेरायला लावायची, बी जिवंत राहावं म्हणून. वहिनी पेरायची. गेल्या पावसात आई अंथरुणाला खिळली आणि ते राहून गेलं.

बारावं झाल्यावर माळा साफ करताना मुडा सापडला. साधारण दोन पायली भात असेल. म्हणजे ते दीड वर्षापूर्वीच्या कापणीचं आहे. टरफल काळसर, दाणा आखूड आणि जाड, सोलला तर आत लाल. आई त्याला नुसतं 'घरचं भात' म्हणायची. वहिनीही तेच म्हणते. जातीचं नाव आम्हा कुणालाच माहीत नाही.

माझे प्रश्न तीन. हे भात कुठलं असावं? दीड वर्षानंतर ते रुजेल का? आणि मुडा बांधता येणारं कुणी अजून आहे का? आमच्या वाडीत आता सात घरं उघडी असतात, त्यातल्या कुणालाही येत नाही.

---

मृगसरी

खाजण, आधी आईंना नमस्कार.

मी कृषी पदवीधर आहे, दापोलीलाच शिकलो. वर्णनावरून मला 'काळा राता' वाटतोय. राता ही कोकणातल्या खारभूमीतली जुनी स्थानिक जात, काळा राता आणि भुरा राता दोन्ही असतात, तांदूळ लाल आणि जाडा. खारट जमीन सोसण्यासाठीच तिचं नाव आहे. पण वर्णनावरून नक्की सांगणं बरोबर नाही. पनवेलला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. मूठभर नमुना घेऊन तिथे जा. खारट जमिनीसाठी पनवेल-१, २, ३ या जाती तिथूनच आल्या आहेत, जुन्या जातींची ओळख तिथे पटेल.

रुजेल का, हे घरीच तपासा. मुड्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून मिळून बरोबर १०० दाणे घ्या. निवडून नाही, हाताला येतील तसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा. सुकू देऊ नका. पाचव्या-सहाव्या दिवशी मोड मोजा. विकत मिळणाऱ्या प्रमाणित भाताला किमान ८० टक्के उगवण लागते. तुमचं त्याहून बरंच कमी येईल. कोकणातल्या दमट हवेत साठवलेलं भाताचं बी पावसाळा ओलांडताना अर्धमेलं होतं. कमी आलं तर घाबरू नका, त्या प्रमाणात दाट पेरा.

खाडीच्या पाण्याचं वाचून मात्र थांबलो. आम्हाला शिकवलेली शिफारस अशी: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के, त्यात बी टाकून तरंगणारं पोचट काढायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. पावसाआधी उधाणाच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी पाणी जवळजवळ समुद्राइतकंच खारट असतं. आई ते पाणी नेमकं उधाणाला आणत होत्या, भांगाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मधल्या दिवसांतल्या लहान भरतीला नाही. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

---

सड्यावरची

वाचून डोळे भरले. माझी आई राजापूरकडची. भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार. मी शहरात वाढलेल्या माझ्या मुलीला डाळ मोजताना तसंच म्हणायला लावते. खाजणदादा, तुमच्या आई काय म्हणायच्या?

---

खाजण

ताई, लाभच. आणि शेवटचं माप कधी पूर्ण रिकामं करायची नाही, तळाशी चार दाणे ठेवायची.

मृगसरी, तुमचा खाडीच्या पाण्याचा परिच्छेद मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई भांगाला पाणी आणलंस तर ओतून टाकायला लावायच्या." मला हे माहीत नव्हतं.

---

आवाठ

आमच्या आवशीक लिवाक-वाचाक येय नाय होता, पण भाताचो हिशोब सगळो तिच्या बोटार. मुडो ती बांधी. माका येता.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मालवणजवळ आमच्याकडे अजून दोन-तीन म्हातारी माणसं मुडा बांधतात, मी त्यांच्यासोबत बसून शिकलो. पेंढा हाताने झोडलेल्या भाताचा पाहिजे. मशिनीने मळलेला पेंढा तुटका येतो, त्याची दोरी होत नाही. दोरी वळण्याआधी पेंढ्यावर पाणी शिंपडून रात्रभर ठेवायचं. भात मात्र कडक वाळलेलं हवं, दाताखाली टक्क आवाज आला पाहिजे. भरताना पायाने दाबत दाबत दोरी आवळायची, चेंडूसारखं घट्ट झालं की किडा शिरत नाही. आमच्याकडे आत निरगुडीचा पालाही घालतात. कापणीनंतर दिवाळीच्या मागेपुढे मी येऊ शकतो. एका दिवसाचं काम आहे. तुमच्या वहिनींना शिकवून जाईन.

---

देशावरचा

मी सोलापूरकडचा, भातातलं काही कळत नाही. रहू आणि लावणी यात फरक काय? खारात लावणी का करत नाहीत?

---

खाजण

लावणीत तरवा वेगळा तयार करून रोपं उपटून लावतात. रहूत मोड आलेलं बी थेट चिखलात. आई सांगायची ते असं, की खारात मीठ धुऊन निघतं तेवढे थोडेच दिवस हातात असतात, त्या दिवसांत बी तिथेच रुजून पाय रोवलं पाहिजे. मळ्यात आम्ही लावणीच करायचो. दोन्ही कामं एकाच पंधरवड्यात यायची.

---

चुलीमागे

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझी आईही अशीच. गुहागर तालुका, नवरा मुंबईला, घरात सासू-सासरे, गोठ्यात सहा जनावरं. आज सगळे तिच्या कष्टांचं कौतुक करतात. पण ते कष्ट तिने निवडलेले नव्हते. सात बाळंतपणं, त्यातली चार पावसाळ्यात. चिखलात दिवस दिवस वाकून अंग बाहेर यायचा, म्हणजे गर्भाशय खाली उतरायचा त्रास तिला तिशीपासून होता, तो तिने मला स्वतः पन्नाशीची झाल्यावर सांगितला. पुढची सगळी वर्षं ती दोन्ही हातांनी कंबर धरून उठली. तिला काय खायला आवडायचं असं कुणी विचारलं असतं तर आम्हा कुणालाच उत्तर देता आलं नसतं, कारण ती सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर जे उरेल ते खायची.

खाजण, तुमच्या आईंचं ज्ञान मोठं आहे आणि तुम्ही ते मनापासून लिहिलंत. पण त्या भाताखाली आणखी काय दबलंय तेही लिहा. फक्त बी जपून ठेवू नका.

---

खाजण

चुलीमागेताई, दोन दिवस उत्तर लिहू शकलो नाही. राग अजिबात नाही. तुम्ही म्हणालात ते आमच्याही घरात आहे.

वर मी पाच भावंडं लिहिलं. आम्ही सहा होतो. माझ्या पाठची बहीण दीड वर्षाची असताना आषाढात तापाने गेली. दवाखाना खाडीपलीकडे, होडी बंद. हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते बाराव्याला मावशीने सांगितलं. मूल गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आई मळ्यात लावणीला गेली. तरवा पंचवीस दिवसांचा झाला होता, आणखी थांबलं तर रोपं जून होऊन फुटवे कमी येतात, वर्षाचा भात जातो. बाबा मुंबईत, त्यांना पत्र पोचायला आठवडा. मावशी तिच्या शेजारच्या ओळीत होती. म्हणाली, अंगावरचं दूध इरल्याखाली वाहत होतं आणि ती लावत होती. बांधावर कुणी काही बोललं नाही. लावणीची गाणीही त्या दिवशी कुणी म्हटली नाहीत.

आईने त्या बहिणीचं नाव आमच्यासमोर एकदाही घेतलं नाही. पण मळ्याच्या त्या कोपऱ्यात ती लावणी दर वर्षी स्वतःच्या हातानेच करायची, दुसऱ्या कुणाला उतरू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं तिथे पाणी खोल आहे म्हणून.

काय आवडायचं याचं उत्तर मलाही देता आलं नसतं. काल वहिनीला विचारलं. तिला माहीत होतं. आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी आणि उकड्या तांदळाची घट्ट पेज. आणि दापोलीच्या बाजारातलं लिमलेट. उशाखाली ठेवायची.

---

सातबारा

एक कोरडा प्रश्न विचारतो. जमीन आईंच्या नावावर कधी झाली?

विचारण्याचं कारण, नवऱ्याने हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं यासाठी शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली होती आणि १९९२ मध्ये राज्य शासनाने तसं परिपत्रक काढलं. देशावर काही गावांत नावं लागली. आमच्या कोकणात, जिथे खऱ्या अर्थाने बायाच शेती करत होत्या, तिथे मी तलाठी म्हणून नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत असे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले.

---

खाजण

बाबा १९९६ ला गेल्यावर वारस म्हणून लागलं. आमच्या सगळ्यांच्या नावांबरोबर, एका ओळीत. त्याआधी सत्तेचाळीस वर्षं तिचं नाव कुठेच नव्हतं. १९९२ चं हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर बाबांनी केलं असतं असं मला मनापासून वाटतं. वाटतं एवढंच म्हणू शकतो.

भावाशी बोललोय. खारातला आमचा हिस्सा आता वहिनीच्याही नावावर करायचा. तिथे चिखलात तीच उतरते. प्रक्रिया काय, हे तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवून विचारतो.

---

सड्यावरची

लिमलेटचं वाचून उठून चहा ठेवला. पुढे लिहवेना.

---

मृगसरी

उगवण चाचणी लावलीत का? रोहिणी संपत आल्या.

---

खाजण

लावली, आणि त्यासाठीच रजा घेऊन गावी आलोय.

शंभर दाणे मांडले. तिसऱ्या दिवशी अकरा मोड. चौथ्या दिवशी सत्तावीस. पाचव्या दिवशी एकोणचाळीस, सहाव्या दिवशी एक्केचाळीस, आणि तिथेच थांबलं. वहिनीने रोज सकाळी मोजलं, पहिल्या मोडाला लाभ म्हणत. तळाचं भात कमी रुजलं, वरचं, जिथे धूर जास्त लागला, ते बरं रुजलं. मुड्यातला एक शेर वेगळा काढून ठेवलाय, अर्धा पनवेलला न्यायला आणि अर्धा आवाठदादांना द्यायला. बाकी सगळं पेरायचं. मृगसरींनी सांगितल्याप्रमाणे दुपटीहून जास्त दाट. दोन गुंठे होतील.

उघाडीचं दार कुजलं होतं. भावाने आणि मी मिळून नवीन फळ्या बसवल्या, शेजारच्या वाडीतले दोघे स्वतःहून आले. बांधाला चिंबोऱ्यांची सोळा बिळं सापडली, ढेकळं ठोकून बुजवली. कालवण झालं.

अमावास्येच्या उधाणाला वहिनी खाडीवर गेली आणि हंडा भरून आणला. तरंगलेलं भात बरंच निघालं, कोंबड्यांना घातलं.

मृगाचा पाऊस परवापासून लागलाय. दोन मोठ्या सरी झाल्या, खारात पाणी साचून एकदा उघाडीवाटे गेलं. आज दुपारी आम्ही तिघं उतरलो. मी विचारत होतो की बी आजच भिजत घालायचं का, मोड यायला दोन दिवस लागतील. वहिनी काही बोलली नाही. वाकली, बांधाजवळचा चिमूटभर चिखल घेतला आणि जिभेला लावला. मग मधला. मग मळ्याकडचा. मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं, आणि भावानेही नव्हतं.

थुंकून म्हणाली, "अजून एक सर पडू दे."

बी हंड्यातून काढून, धुऊन, ओटीवर सावलीत पसरून ठेवलंय.